तिसऱ्या पायरीवरचा पट्टा

७ ऑगस्ट

भाऊजींस,

आशीर्वाद नेहमीचेच, ते गृहीत धरा.

तुमचं पुस्तक पाहिलं. तुम्ही पाठवलं नाहीत, खिळेवाल्याने दाखवलं. मी स्क्रू आणायला गेले होते, तर त्याच्या गल्ल्याशेजारी पाच-सहा प्रती मांडून ठेवलेल्या. "वहिनी, घरात एवढा मोठा लेखक आणि आम्हाला पत्ता नाही!" म्हणाला. मी म्हटलं, "आम्हालाही नव्हता." त्याला वाटलं मी विनोद केला. एक प्रत त्याने मला भेट दिली आणि दुसऱ्या प्रतीवर तुमची सही आणून द्यायची गळ घातली.

मुखपृष्ठ छान आहे. तुमचा फोटोही रुबाबदार आलाय. फक्त उजव्या हातात पटाशी आणि डावा हात धारेच्या बरोब्बर पुढे. पान नऊवर लिहिलंय, "पटाशी निसटणारच आहे असं समजून दुसरा हात तिच्या मागे ठेवावा." लेखकाने स्वतःचं पुस्तक एकदा वाचायला हरकत नव्हती.

पान अकरा. "आधी भोक कोरावं, मग त्यात बसणारं कुसू कापावं. कुसू जाड झालं तर रंध्याने उतरवता येतं, भोक मोठं झालं तर देवसुद्धा लहान करू शकत नाही." हे मी कधी लिहिलं सांगू? तुमच्या दादांनी एका दाराची सगळी कुसवं आधी कापून ठेवली आणि मग भोकं सैल झाली, म्हणून दिवसभर माझ्यावर डाफरले, त्या संध्याकाळी. 'देवसुद्धा' हा शब्द मी रागात लिहिलाय. तुमच्या पुस्तकात तो भक्तिभावाने आल्यासारखा दिसतो.

पान तेवीस. "लेथवर हत्याराचं टोक कामाच्या मध्याशी आहे का, हे पाहायला पोलादी पट्टी टोक आणि काम यांच्यात हलकेच दाबून धरावी. पट्टी सरळ उभी राहिली तर बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर हत्यार खाली आहे." शब्द न् शब्द तसाच. वहीत त्याच्या शेजारी "दूध संपलं" असं लिहिलेलं होतं. तेवढं गाळलंत, उपकार झाले.

हिरव्या पुठ्ठ्याची वही. मार्चमध्ये माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला आला होतात. डोळ्यावर पट्टी, मी पडलेली. तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादाची आठवण म्हणून वहीची झेरॉक्स काढतो, दोन दिवसांत परत आणतो." मी म्हटलं, न्या. तुम्ही जाताना माझ्या पायांना हात लावलात, तो स्पर्श कळला. दुसऱ्या हातात काय होतं ते दिसत नव्हतं.

अर्पणपत्रिका वाचली. "दादांच्या वहीतून आणि माझ्या पंचवीस वर्षांच्या लेथच्या अनुभवातून." तुमचे दादा सोन्यासारखा माणूस, पण फळीवर माप टाकण्यापलीकडे त्यांनी जन्मात काही लिहिलं नाही. लाकडाचं ते बोलायचे, मी लिहायचे. लेथचं मीच करायचे आणि मीच लिहायचे.

पुढची पानं अजून वाचायची आहेत. डोळा दुखतो. वही परत पाठवा, दुसरं काही मागत नाही.

तुमची वहिनी

२१ ऑगस्ट

भाऊजींस,

पत्र मिळालं. पोस्टमनने पाकीट हातात दिलं आणि विचारलं, "काकू, स्वतःलाच पत्रं पाठवता का हो?" त्याचा दोष नाही. पत्त्यावरचा 'ळ' पाहिला. पोट डावीकडे कललेलं, शेपूट वर. माझाच 'ळ'.

आणि आत काय लिहिलंत? "वहिनी, शपथेवर सांगतो, मला वाटलं वही दादाचीच. जुनं अक्षर, कोणाचं ते कुठं कळतंय."

मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तुम्ही सात. शाळेतून हाकलून दिल्यासारखे घरी यायचात, कारण अक्षर कोणाला वाचता येत नव्हतं. तुमच्या दादांनी रंधलेली पाईनची फळी मी मांडीवर घ्यायचे, सुताराची चपटी पेन्सिल तुमच्या मुठीत द्यायचे आणि माझ्या मुठीत तुमची मूठ. फळी भरली की रंधा मारायचा, पुन्हा कोरी. अशा तीन फळ्या आपण झिजवल्या, कागदाएवढ्या पातळ झाल्या. तुमच्या हातातलं अक्षर माझं आहे, भाऊजी. आरशात बघून "हा कोण?" विचारावं तसं तुम्ही मला विचारताय.

वही नेलीत त्याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण अक्षर ओळखलं नाही हे वाचलं आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या आवृत्तीत "विशेष आभार" मध्ये माझा उल्लेख करणार म्हणता. चहापाण्याची व्यवस्था बघणाऱ्यांचे मानतात, तसे का?

पुढचं वाक्य मात्र खरं लिहिलंय तुम्ही. "सगळ्यांना माहीत आहे की लेथ मीच चालवायचो." माहीत आहे, कारण तुमच्या दादांनी आणि मी मिळून तसं सांगितलं. ओतशाळेचे मालक आठवतात? चाकांच्या, पुल्यांच्या ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने आपल्याकडून करून घ्यायचे. बाईने लेथवर उतरवलेला नमुना त्यांनी हातात धरला नसता. म्हणून ते आले की मी मशीन बंद करायचे, फडक्याला हात पुसायचे आणि चहा ठेवायचे. ते नमुन्यावर बोट फिरवायचे, "वा, धाकट्याचा हात म्हणजे हात!" म्हणायचे आणि तुम्ही मान खाली घालून हसायचात. मीही स्वयंपाकघरात हसायचे. आपली तिघांची गंमत होती ती. गंमत आहे हे आपल्यातल्या एकाने विसरायचं ठरवलं, मला कोणी कळवलं नाही.

बारा वर्षांपूर्वी तुम्ही मशीन विकायच्या नोकरीवर गेलात. त्यानंतरही तुमचे दादा मालकांना सांगत राहिले, "येतो सुट्टीत, करून जातो." वर्षाला साठ-सत्तर नमुने! भलतीच सुट्टी होती तुम्हाला. दादा गेल्यावर मालक भेटायला आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आता धाकटाही यायचा नाही, तर काम कोणाला देणार?" मी त्यांच्यासमोर उभी होते, बोटांत लाकडाची कुसळं घेऊन. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. दादांना मेल्यावर खोटं पाडायचं जिवावर आलं. आता मी स्टुलांचे पाय उतरवते.

चौदा सप्टेंबरला तंत्रशाळेत प्रात्यक्षिक करणार आहात, तुकडे जोडून केलेली दीड फुटाची चकती मुलांसमोर लेथवर उतरवून दाखवणार, पान बासष्टप्रमाणे, असं लिहिलंय. बरं. पान बासष्टप्रमाणे करा.

वही आली नाही.

तुमची वहिनी

४ सप्टेंबर

भाऊजी,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नका. बसा.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. डोळा दुखत नव्हता. पान बासष्ट मी खिळेवाल्याच्या दुकानातच उघडलं होतं, स्क्रूची पुडी बांधायच्या आत. दुसऱ्या पत्रात तर निर्लज्जपणे "करा" म्हटलं. दोनदा सांगायची संधी होती आणि दोनदा मी गिळून बसले.

"दीड फुटाची जोडकामाची चकती उतरवताना पट्टा तिसऱ्या पायरीवर ठेवावा." वाक्य माझं आहे, आणि आपल्या मशीनवर ते बरोबर आहे. फक्त आपल्या मशीनवर. पुलीची पायरी वरची तसा वेग जास्त, पण मूळ वेग मोटरचा.

तुम्ही गेलात त्यानंतरची गोष्ट. जुनी मोटर होती तेव्हा मी एकदा अशीच चकती तिसऱ्या पायरीवर लावली. सहा तुकडे सरसाने जोडलेले, वर दुसरा थर, विटांसारखे सांधे चुकवून. बटण दाबलं आणि मी 'एक' म्हणायच्या आत एक तुकडा सुटला. दादा बाकावर रंधा मारत होते, त्यांच्या डोक्यावरून वीतभर अंतराने जाऊन भिंतीत रुतला. दादा वळून म्हणाले, "हाक मारायची पद्धत बदल." भिंतीतला खड्डा अजून आहे, बुजवू दिला नाही त्यांनी.

पुढच्या वर्षी ती मोटर जळाली. भंगारातून दुसरी मिळाली, निम्म्या वेगाची. तेव्हापासून आपल्या मशीनची तिसरी पायरी जगाच्या तिसरीपेक्षा निम्म्याने फिरते. हिरव्या वहीतली लेथची सगळी पानं त्यानंतरची आहेत. मी ती स्वतःसाठी लिहिली होती. मोटर बदलली हे मला माहीत होतं, मग लिहायचं कशाला? वही दुसऱ्या कोणाच्या नावाने छापली जाईल, असं दूध संपल्याची नोंद करणाऱ्या बाईला कसं सुचावं?

तंत्रशाळेतली मशीनं नवी आहेत. तिथे तिसरी पायरी म्हणजे दुप्पट वेग, आणि तुकड्यांना बाहेर ओढणारा जोर चौपट.

का गप्प बसले तेही सांगते. सगळ्यांसमोर तुमची फजिती व्हावी असं मला वाटत होतं. चकती फुटावी आणि लोकांनी म्हणावं, याला लेथचं ओ की ठो कळत नाही. दोन आठवडे मी ते डोळ्यांसमोर आणून बघत होते आणि, कबूल करते, गोड लागत होतं. काल स्टुलाचा पाय उतरवताना मान वर गेली, तर समोर तो खड्डा. मग चित्र पुढे सरकलं. शिकवणारा मशीनच्या कडेला उभा असतो. चकतीच्या रेषेत उभी असतात ती मुलं.

तेव्हा लिहून घ्या. पट्टा पहिल्या पायरीवर. सरस लावल्यावर पूर्ण एक दिवस शिकंज्यात. बटण दाबण्याआधी चकती हाताने एक फेरा फिरवून कुठे अडत नाही ना ते बघायचं. चकतीच्या समोर कोणीही नको. आणि पान बासष्ट दुरुस्त केल्याशिवाय एकही प्रत विकू नका.

मिळाल्याचं दोन ओळींत कळवा. नावाचं नंतर भांडू.

वहिनी

११ सप्टेंबर

भाऊजी,

उत्तर नाही. परवा फोन केला, जाऊबाईंनी उचलला. "हे गावाला गेलेत," म्हणाल्या. मागे कोणीतरी खोकलं. तो खोकला मी सात वर्षांच्या पोराच्या छातीला तेल चोळून बरा केलेला आहे, मला नका शिकवू. जाऊबाईंना म्हटलं, "तो गावाला गेलेला माणूस परत आला की सांगा, पट्टा पहिल्या पायरीवर." "हो हो," म्हणाल्या आणि ठेवला. काय कळलं असेल त्यांना, कपाळ!

चौदा तारखेला मीच येते.

१६ सप्टेंबर

भाऊजी,

काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात. तरी लिहिते, कारण तुम्ही ते दुसऱ्याच रीतीने लक्षात ठेवाल.

मी पोचले तेव्हा शेडमध्ये तीसेक मुलं आणि मुली मशीनभोवती अर्धगोल करून उभ्या होत्या. पुढच्या रांगेत एक चष्मेवाली मुलगी, हातात तुमचं पुस्तक, बोट पान बासष्टवर. चकती लागलेली. पुलीचं झाकण मुलांना दिसावं म्हणून उघडं ठेवलेलं. पट्टा तिसऱ्या पायरीवर. तुमचा अंगठा बटणावर.

मी ओरडले, "थांब!" चाळीस वर्षांत तुम्हाला चारचौघांत अरे-तुरे केलं नव्हतं. तुम्ही थांबलात. लहानपणी कान धरून थांबवल्यावर थांबायचात तसे थांबलात. आणि मग हसून मुलांना म्हणालात, "या माझ्या वहिनी. मशीनला फार घाबरतात. पण माया, बरं का, आईसारखी!"

मुलं हसली. ती चष्मेवालीही हसली.

मी घाबरते मशीनला. ठीक. मी पुढे आले, पट्टा सैल केला आणि पहिल्या पायरीवर चढवला. तेवढ्यात तुमच्या हत्याराखाली नजर गेली. टोक मध्याला यावं म्हणून खाली काहीतरी सारलेलं होतं. चार घड्या घातलेलं पाकीट. वर तुमचं नाव, पोट कललेला 'ळ', चिकटवलेली कड जशीच्या तशी. माझं चार तारखेचं पत्र. हत्याराखाली कागद चालत नाही, दबतो, करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा घालावा, हे पान चोवीस. पण तुम्ही तर ते पानही वाचलेलं नव्हतं आणि पत्रही.

रडगाणं असेल म्हणून उघडलं नसेल. पहिल्या दोन पत्रांत मी रडगाणंच गायले होते ना. पहिल्याच पत्रात पान बासष्ट लिहिलं असतं तर ते तुम्ही वाचलं असतं. हा दोष माझा, तो मी घेते.

"चला, वहिनींच्या समाधानासाठी हळू फिरवू," म्हणून तुम्ही बटण दाबलंत. पहिल्या पायरीवर, एवढ्या हळू, तरी दुसऱ्या मिनिटाला टक् असा आवाज आला. तुम्ही मशीन बंद केलंत. वरच्या थराचा एक सांधा केसाएवढा उघडला होता. सरस सकाळीच लावला असणार. मुलांना काही दिसलं नाही. तुम्हाला दिसलं आणि मला दिसलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तिसऱ्या पायरीवर काय झालं असतं ते त्या क्षणी तुम्हाला कळलं, रंग उतरला तुमच्या चेहऱ्याचा. मला वाटलं, आता बोलेल. खरं सांगते, तेवढ्यावर मी सगळं सोडून दिलं असतं. वही, नाव, पंचवीस वर्षं, सगळं.

तुम्ही सांध्यावर अंगठा ठेवलात, तो झाकला आणि म्हणालात, "असं असतं सुरक्षित काम." टाळ्या झाल्या. मग टेबलाशी बसून प्रतींवर सह्या केल्यात. मी वाकून विचारलं, "पान बासष्ट?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पुढच्या आवृत्तीत बघू. आता इथे तमाशा नको, वहिनी." त्या चष्मेवालीनेही प्रत विकत घेतली.

वही चोरलीत तो एक विश्वासघात झाला. अक्षर नाकारलंत तो दुसरा. पण डोळ्यांनी तडा पाहूनही त्या पोरीच्या प्रतीवर सही केलीत, त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि माफीही नाही.

हेही पाकीट तुम्ही उघडणार नाही. हत्याराखाली घालू नका, एवढं ऐका.

१९ सप्टेंबर (पोस्टकार्ड)

ज्यांच्याकडे 'कसबी हात' हे पुस्तक आहे त्यांच्यासाठी. पान बासष्ट चूक आहे. दीड फुटाच्या जोडकामाच्या चकतीसाठी पट्टा पहिल्या पायरीवर ठेवावा, तिसऱ्या नव्हे. तिसरी ज्या मशीनवर चालते तिची मोटर निम्म्या वेगाची आहे. चकतीच्या समोर उभं राहू नये. कृपया आजच पुस्तकात दुरुस्त करून घ्यावं.

— टर्नर

(भाऊजी, हे कंसातलं फक्त तुमच्या कार्डावर, बाकीच्यांना सही नुसती 'टर्नर', म्हणजे लेथवर काम करणारा. तंत्रशाळेने मला प्रती घेणाऱ्यांची यादी दिली. खिळेवाल्याने त्याच्या गिऱ्हाइकांची दिली. सगळ्यांना हेच कार्ड गेलंय, प्रकाशकांनाही. कार्ड उघडावं लागत नाही.)

६ ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

भाऊजी,

आज खिळेवाल्याकडे गेले होते. त्याने माझं कार्ड गल्ल्यामागे काचेखाली लावलंय. शेजारी तुम्ही दोन ओळी लिहून सही करून दिलेलं पान. "बघा वहिनी, दोन्हीकडे एकच अक्षर. स्वतःच्या पुस्तकातली चूक स्वतःच्या हाताने कार्डं लिहून कबूल केली! तुमच्या दिराएवढं मोठं मन पाहिलं नाही." तंत्रशाळेतूनही तुम्हाला म्हणे कौतुकाचं पत्र गेलंय. तुम्ही ते नाकारलं नाहीत, हेही कळलं.

मुलांनी पान दुरुस्त केलं, माझं काम झालं. खिळेवाल्याला मी काही बोलले नाही.

नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर मोटरचा वेग लिहिलाय, मग बाकीचं. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी रंधलेल्या फळीवर डाव्या हाताने अक्षरं गिरवते. बासष्टाव्या वर्षी 'ळ' पुन्हा शिकते आहे. हे कार्ड त्याच हाताने लिहिलंय, म्हणून ओळी घसरल्या आहेत.

हे अक्षर तुम्हाला येत नाही. हे मी कोणालाच शिकवलेलं नाही.